जन्माने मिळणारे भारतीय नागरिकत्व

एखादी व्यक्ती जन्माने भारतीय नागरिक आहे की नाही, हे नागरिकत्व अधिनियम, १९५५ नुसार तीन गोष्टींवर ठरते: जन्म कोठे झाला, कोणत्या तारखेला झाला, आणि त्या दिवशी आई-वडिलांचे नागरिकत्व काय होते. भारतात जन्मलेले प्रत्येक मूल भारतीयच, हा समज एका ठरावीक काळापुरता खरा होता. आज तो खरा नाही. उलट, परदेशात जन्मलेले मूल आई-वडील भारतीय असल्यामुळे भारतीय असू शकते. मात्र त्यासाठी वेळेत नोंदणी करावी लागते आणि ती राहून गेली तर अडचण येते.

बहुतेकांना आयुष्यभर हा प्रश्न पडतच नाही. पण मतदान, निवडणूक लढवणे, सरकारी नोकरीतील समान संधी, भाषण आणि संचाराचे स्वातंत्र्य हे हक्क संविधानाने नागरिकांनाच दिले आहेत. कायद्यापुढे समानता आणि जीविताचे संरक्षण सर्व व्यक्तींना आहे. कलम १५, १६, १९ आणि २९ मधील हक्क मात्र नागरिकांचे आहेत. म्हणून मुलाचे नागरिकत्व कोणत्या नियमाने ठरते, हे प्रत्येक पालकाला माहीत असणे गरजेचे आहे.

दोन तत्त्वे

जन्मसिद्ध नागरिकत्वाचे जगात दोन मार्ग आहेत. पहिला जन्मभूमीचा: ज्या देशाच्या भूमीवर जन्म, त्या देशाचे नागरिकत्व. अमेरिकेने १८६८ साली संविधानाच्या चौदाव्या दुरुस्तीने हे तत्त्व स्वीकारले. दुसरा मार्ग वंशाचा: जन्म कोठेही होवो, आई-वडिलांचे नागरिकत्व मुलाकडे येते. जपानचा कायदा मुख्यतः या तत्त्वावर चालतो. बरेच देश दोन्हींचे मिश्रण वापरतात.

भारताने सुरुवात जन्मभूमीच्या तत्त्वाने केली आणि पुढे तो टप्प्याटप्प्याने वंशाच्या तत्त्वाकडे सरकला. यामागे प्रामुख्याने आसामातील स्थलांतराचा प्रश्न होता. १९७९ मध्ये सुरू झालेले आसाम आंदोलन १५ ऑगस्ट १९८५ च्या आसाम कराराने थांबले. त्यानंतर १९८६ च्या दुरुस्तीने आणि पुढे २००३ च्या दुरुस्तीने जन्मसिद्ध नागरिकत्वाच्या अटी कडक झाल्या. आधी दिलेले नागरिकत्व या दुरुस्त्यांनी काढून घेतले नाही. त्या लागू झाल्यानंतर जन्मणाऱ्यांसाठी नियम बदलला. म्हणूनच जन्मतारखेला इतके महत्त्व आले आहे.

२६ जानेवारी १९५० पूर्वी जन्मलेले

संविधान लागू होण्यापूर्वी जन्मलेल्यांचे नागरिकत्व संविधानाच्या दुसऱ्या भागातील कलम ५ ते ८ नुसार ठरले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ऑगस्ट १९४९ मध्ये हा मसुदा संविधान सभेपुढे मांडला. संविधान लागू होतानाच्या क्षणी नागरिक कोण, एवढाच प्रश्न त्यात सोडवला होता. पुढचा कायदा करण्याचा अधिकार कलम ११ ने संसदेकडे दिला.

कलम ५ नुसार संविधान लागू होताना ज्याचा अधिवास भारतात होता आणि जो स्वतः भारताच्या राज्यक्षेत्रात जन्मला होता, किंवा ज्याच्या आई-वडिलांपैकी एकाचा जन्म येथे झाला होता, किंवा जो त्याआधी सलग किमान पाच वर्षे येथे राहत होता, तो नागरिक ठरला. कोल्हापूर संस्थानात किंवा निजामाच्या राजवटीतील मराठवाड्यात जन्मलेल्यांचा प्रश्नही यातच मिटला, कारण ही दोन्ही क्षेत्रे १९५० पूर्वीच भारतात सामील झाली होती.

फाळणीनंतर पाकिस्तानातून आलेल्यांसाठी कलम ६ आहे. स्वतः, आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणी अविभाजित भारतात जन्मलेले असणे ही त्यातील पहिली अट. १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन येथे राहिलेले नागरिक ठरले; त्या तारखेला किंवा नंतर आलेल्यांना सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर नोंदणी करावी लागली. उल्हासनगर आणि पिंपरी येथे वसलेल्या सिंधी कुटुंबांच्या जुन्या पिढीच्या नागरिकत्वाचा आधार याच कलमात सापडतो.

भारतात जन्म: तीन कालखंड

१९५० नंतर भारतात जन्मलेल्यांना अधिनियमाचे कलम ३ लागू होते. त्यात तीन कालखंड आहेत.

पहिला कालखंड २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७. या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने भारतीय आहे. आई-वडील कोणत्या देशाचे, हा प्रश्नच येत नाही. १९८६ साली हिमाचल प्रदेशात तिबेटी निर्वासित दांपत्याच्या पोटी जन्मलेल्या एका महिलेला पासपोर्ट नाकारण्यात आला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये ती जन्माने भारतीय असल्याचा निर्वाळा दिला. तिच्याकडे निर्वासितांचे ओळखपत्र होते म्हणून कायद्याने दिलेले नागरिकत्व नाहीसे होत नव्हते.

दुसरा कालखंड १ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४. या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती नागरिक ठरण्यासाठी जन्माच्या वेळी आई किंवा वडील यांपैकी एक जण तरी भारतीय नागरिक असला पाहिजे. दुसरा पालक कोणत्या देशाचा आणि येथे कसा आला, याची विचारणा कायदा करत नाही. १९९५ साली मुंबईत भारतीय आई आणि इराणी वडील यांच्या पोटी जन्मलेला मुलगा जन्माने भारतीय आहे. दोन्ही पालक परदेशी असतील, तर त्याच वर्षी त्याच रुग्णालयात जन्मलेला दुसरा मुलगा भारतीय नाही.

तिसरा कालखंड ३ डिसेंबर २००४ पासून आजपर्यंतचा. २००३ च्या दुरुस्ती अधिनियमाची अंमलबजावणी त्या दिवशी सुरू झाली. आता दोन्ही पालक भारतीय नागरिक असले पाहिजेत. किंवा एक भारतीय नागरिक असला पाहिजे आणि दुसरा जन्माच्या वेळी बेकायदा स्थलांतरित नसला पाहिजे. दुसऱ्या पालकाने देशात कसा प्रवेश केला आणि त्याच्या राहण्याला परवानगी होती का, यावर आता मुलाचे नागरिकत्व अवलंबून असते.

बेकायदा स्थलांतरित कोणाला म्हणायचे

अधिनियमातील व्याख्येत दोन प्रकार येतात. वैध पासपोर्ट किंवा प्रवासाच्या कागदपत्रांविना भारतात शिरलेला परदेशी हा पहिला. वैध कागदपत्रांवर आलेला, पण परवानगीची मुदत संपल्यावरही राहिलेला परदेशी हा दुसरा. दुसऱ्या प्रकाराकडे सर्वसाधारण कुटुंबांचे लक्ष जात नाही आणि खरा धोका तिथेच असतो. भारतीय पत्नीसोबत पुण्यात राहणाऱ्या परदेशी पतीचा व्हिसा प्रसूतीच्या आधी संपला आणि त्याने मुदतवाढ घेतली नाही, तर जन्मणाऱ्या मुलाच्या नागरिकत्वावर प्रश्नचिन्ह येऊ शकते. आई-वडिलांची मुदत हुकल्याचा भुर्दंड मुलाने सोसावा, असे कोणालाही वाटणार नाही. तरी कायद्याची रचना तशी आहे. म्हणून परदेशी जोडीदाराने व्हिसाची मुदत, विदेशी नोंदणी कार्यालयातील नोंद आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड हे सर्व बाळंतपणाच्या कितीतरी आधी तपासून घ्यावे आणि त्याच्या प्रती मुलाच्या कागदपत्रांसोबत कायम ठेवाव्यात.

नेपाळी नागरिकांची गोष्ट वेगळी आहे. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारानुसार त्यांना भारतात येण्यासाठी आणि राहण्यासाठी व्हिसा लागत नाही. त्यामुळे २००४ नंतर महाराष्ट्रात भारतीय आई आणि कायदेशीर मार्गाने आलेले नेपाळी वडील यांच्या पोटी जन्मलेले मूल भारतीय ठरते. दोन्ही पालक नेपाळी नागरिक असतील तर मात्र, येथे कितीही वर्षे राहून काम केले असले तरी, मूल जन्माने भारतीय होत नाही. अशा पालकांनी मुलाचे नेपाळी नागरिकत्व वेळेत नोंदवून घ्यावे. नाहीतर मुलाकडे कोणत्याच देशाचा कागद उरत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तान या देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींना, ठरावीक अटींवर, बेकायदा स्थलांतरितांच्या व्याख्येतून वगळले. तिचे नियम ११ मार्च २०२४ रोजी जाहीर झाले. ही दुरुस्ती नागरिकत्वासाठी अर्ज करणाऱ्यांसाठी आहे. येथे जन्मलेल्यांसाठी कलम ३ मधील तीन कालखंड तिने बदललेले नाहीत. आसामसाठी अधिनियमात कलम ६अ ही स्वतंत्र तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२४ रोजी बहुमताने ती वैध ठरवली.

अपवाद आणि विशेष परिस्थिती

दोन प्रकारची मुले भारतात जन्मूनही कलम ३ मध्ये बसत नाहीत. राजनैतिक संरक्षण असलेल्या परदेशी अधिकाऱ्याचे मूल हा पहिला अपवाद. तो पालक स्वतः भारतीय नागरिक नसेल तरच हा अपवाद लागू होतो. शत्रुराष्ट्राच्या नागरिकाचे, शत्रूने व्यापलेल्या भूभागात जन्मलेले मूल हा दुसरा.

प्रवासातील जन्मासाठीही नियम आहे. नोंदणीकृत जहाजावर किंवा विमानात जन्म झाला, तर ते जहाज किंवा विमान ज्या देशात नोंदलेले आहे तेथे जन्म झाला असे मानले जाते. भारतात नोंदलेल्या विमानात समुद्रावरून जाताना मूल जन्मले, तर कायद्याच्या दृष्टीने ते भारतात जन्मले. त्यानंतर आई-वडिलांच्या नागरिकत्वाची अट नेहमीप्रमाणे तपासली जाते.

मूल जन्मण्यापूर्वी वडिलांचा मृत्यू झाला असेल, तर मृत्यूच्या वेळी वडिलांचा जो दर्जा होता तोच मुलाच्या जन्मवेळचा दर्जा धरला जातो. वडिलांच्या पश्चात जन्मलेल्या मुलांना हे मोठे संरक्षण आहे.

पालकांचे नागरिकत्व मोजले जाते ते जन्माच्या वेळचे. मूळचे भारतीय असलेले आई-वडील मुलाच्या जन्माआधी अमेरिकेचे नागरिक झाले असतील, तर मूल पुण्यात जन्मले तरी ते जन्माने भारतीय नाही. दोघांकडे ओसीआय कार्ड असले तरी फरक पडत नाही, कारण ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. निवृत्तीनंतर किंवा कामानिमित्त गावी परतलेल्या अनिवासी मराठी कुटुंबांनी हे पक्के ध्यानात ठेवावे. मुलाला भारतीय पासपोर्ट मिळेल असे गृहीत धरून शाळेचा आणि पुढच्या शिक्षणाचा बेत आखला, तर पुढे अडचण येते. दोघांपैकी एक जण भारतीय नागरिक असेल आणि दुसरा ओसीआय कार्डावर कायदेशीरपणे राहत असेल, तर मात्र येथे जन्मलेले मूल भारतीय ठरते.

गोव्याचा प्रश्न

गोवा, दमण आणि दीव १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाले. त्याआधी तेथे जन्मलेला माणूस भारतात जन्मलेला नव्हता, त्यामुळे कलम ३ त्याला लागू पडत नव्हते. नवा प्रदेश भारतात आला की तेथील कोण नागरिक होतील, हे ठरवण्याचा अधिकार अधिनियमाचे कलम ७ केंद्र सरकारला देते. त्यानुसार मार्च १९६२ मध्ये गोवा, दमण आणि दीव (नागरिकत्व) आदेश निघाला. जी व्यक्ती स्वतः, किंवा जिच्या आई-वडिलांपैकी वा आजी-आजोबांपैकी कोणी, २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या प्रदेशात जन्मले होते, ती त्या दिवसापासून भारतीय नागरिक मानली गेली. ज्यांना आधीचेच नागरिकत्व ठेवायचे होते, त्यांना लेखी घोषणा करण्यासाठी एक महिन्याची मुदत होती.

यानंतर गोव्यात जन्मलेल्यांना कलम ३ चेच कालखंड लागू होतात. गुंतागुंत येते ती पोर्तुगालच्या कायद्यामुळे. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगाल आपले नागरिकत्व मिळवू देतो. लिस्बनमधील नोंदणी कार्यालयात जन्मनोंद करून हजारो गोवेकरांनी तो मार्ग घेतला आहे. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्वाला जागा नाही. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपते, आणि दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेणे हा त्याचा पुरावा मानला जातो.

याचा परिणाम पुढच्या पिढीवर होतो. मूल जन्मण्यापूर्वी आई आणि वडील दोघेही पोर्तुगीज नागरिक झाले असतील, तर गोव्यात जन्मलेले त्यांचे मूल जन्माने भारतीय नाही. एकच पालक पोर्तुगीज झाला असेल, तर तो ओसीआय किंवा वैध व्हिसावर राहत होता का, हे पाहिले जाईल. पोर्तुगीज नागरिकत्व घेऊनही भारतीय पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र वापरत राहणे कायद्याच्या विरुद्ध आहेच. शिवाय त्यातून मुलांचाही हक्क संशयात सापडतो. म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट घेण्यापूर्वी घरातल्या लहान मुलांचा आणि पुढे होणाऱ्या मुलांचा विचार आधी व्हावा.

परदेशात जन्म: वंशाने नागरिकत्व

भारताबाहेर जन्मलेल्यांना कलम ४ लागू होते. २६ जानेवारी १९५० ते ९ डिसेंबर १९९२ या काळात परदेशात जन्मलेले मूल भारतीय होण्यासाठी वडील भारतीय नागरिक असावे लागत. आई भारतीय असून उपयोग नव्हता. परदेशी माणसाशी लग्न केलेल्या भारतीय स्त्रीला तिचे नागरिकत्व मुलाला देता येत नव्हते. हा अन्याय १० डिसेंबर १९९२ पासून दूर झाला. तेव्हापासून आई किंवा वडील यांपैकी कोणीही एक भारतीय असणे पुरे ठरते.

३ डिसेंबर २००४ पासून मात्र नुसते पालकत्व पुरत नाही. परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात जन्मापासून एका वर्षाच्या आत झाली, तरच ते भारतीय नागरिक ठरते. एक वर्ष उलटल्यावर केंद्र सरकारची परवानगी लागते. नोंदणीच्या वेळी मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे पालकांना लिहून द्यावे लागते. या अर्जासाठी मुलाचा तेथील जन्मदाखला, दोन्ही पालकांचे पासपोर्ट आणि विवाह प्रमाणपत्र तयार ठेवावे.

दुबई, मस्कत, दोहा अशा ठिकाणी नोकरीला असलेल्या कुटुंबांसाठी ही नोंदणी अत्यावश्यक आहे. आखाती देशांत परदेशी कामगारांच्या मुलांना जन्मामुळे तेथील नागरिकत्व मिळत नाही. भारतीय नोंदणी राहून गेली, तर मूल कोणत्याच देशाचे राहत नाही, त्याला पासपोर्ट मिळत नाही आणि त्याला घेऊन गावी येणेही अवघड होते. बाळंतपणाच्या धांदलीतही पहिल्या काही आठवड्यांतच दूतावासाचे काम उरकून घ्यावे.

मुलाला भारतीय नागरिकत्वासोबत तेथील नागरिकत्वही आपोआप मिळाले असेल, तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्याला दुसरे नागरिकत्व सोडावे लागते. ते सोडले नाही तर भारतीय नागरिकत्व संपते.

अमेरिकेत जन्मलेल्या मुलांबाबत आई-वडिलांनी निवड आधीच ठरवावी. चौदाव्या दुरुस्तीमुळे तेथे जन्मलेले मूल, पालक एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असले तरी, अमेरिकी नागरिक मानले जात आले आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या १८९८ च्या वाँग किम आर्क खटल्याच्या निकालाने हा अर्थ पक्का केला. २० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी तात्पुरत्या व्हिसावरील आणि कागदपत्रांविना राहणाऱ्या पालकांच्या मुलांना हा लाभ नाकारणारा आदेश काढला आणि त्याला लगेच न्यायालयांत आव्हान दिले गेले. तिकडे बाळंतपण होणार असेल, तर त्या वेळची कायदेशीर स्थिती पाहूनच ठरवावे. मुलाला अमेरिकी पासपोर्ट काढला, तर भारतात ये-जा करण्यासाठी त्याचे ओसीआय कार्ड काढता येते. दोघांपैकी एक पालक जरी भारतीय नागरिक असला तरी अल्पवयीन मूल त्यासाठी पात्र असते. पण ओसीआयधारकाला मतदान करता येत नाही, घटनात्मक पदे मिळत नाहीत आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गावाकडे शेती असलेल्या कुटुंबांनी याचा विचार करावा.

ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९८३ पासून नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही. पालकांपैकी एक ब्रिटिश नागरिक किंवा तेथे कायमचा स्थायिक असावा लागतो. ऑस्ट्रेलियाने २० ऑगस्ट १९८६ पासून अशीच अट घातली. त्यामुळे विद्यार्थी किंवा कामाच्या व्हिसावर तेथे असलेल्या भारतीय पालकांच्या नवजात मुलाला बहुधा भारतीय नागरिकत्वाचाच आधार असतो, आणि दूतावासातील नोंदणी तेथेही तितकीच तातडीची ठरते.

कागदपत्रे: काय सिद्ध होते, काय होत नाही

नागरिकत्व कायद्याने जन्मतःच मिळते. पण पुढे केव्हाही प्रश्न आला की ते कागदांवरून दाखवावे लागते. परदेशी असल्याचा संशय आला, तर आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने त्या व्यक्तीवरच टाकली आहे.

सर्वांत महत्त्वाचा कागद जन्मदाखला. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते, त्यानंतर वर्षाच्या आत वरिष्ठ निबंधकाची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश घ्यावा लागतो. महाराष्ट्रात २०२५ मध्ये विलंबित नोंदींची पडताळणी अधिक कडक झाली आहे. २०२३ च्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन चालवण्याचा परवाना, मतदार यादी आणि सरकारी नेमणुकीसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा आहे. गावात ग्रामपंचायत आणि शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिका ही नोंद करते. रुग्णालयाने माहिती पाठवली असेल असे धरून न चालता पालकांनी दाखला हातात घ्यावा, आई-वडिलांची नावे त्यांच्या पासपोर्ट किंवा शाळेच्या दाखल्याप्रमाणेच लिहिली आहेत ना हे अक्षर न् अक्षर तपासावे, आणि मुलाचे नाव वर्षभरात नोंदवून घ्यावे.

जन्मदाखल्याने जन्माची तारीख आणि जागा सिद्ध होते. आई-वडिलांचे नागरिकत्व त्याने सिद्ध होत नाही. म्हणून १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्यांनी किमान एका पालकाचे, आणि ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्यांनी दोन्ही पालकांचे पुरावे जपावेत: त्यांचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट, जुन्या मतदार यादीतील नोंद. निवडणूक आयोगाने जून २०२५ मध्ये बिहारमध्ये सुरू केलेल्या आणि पुढे गोव्यासह इतर राज्यांत नेलेल्या मतदार याद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणात याच तारखांच्या आधारे कागद मागितले गेले. कायद्यातल्या तारखा रोजच्या जगण्यात कशा उतरतात, हे त्यातून दिसते.

आधार कार्ड नागरिकत्वाचा पुरावा नाही. आधार कायद्यातच तसे म्हटले आहे. पॅन कार्ड करासाठी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र हाती असल्याने कोणी आपोआप नागरिक ठरत नाही. महाराष्ट्रात विद्यार्थ्यांना तहसील कार्यालयातून मिळणारे वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र प्रवेशासाठी उपयोगी पडते. पण तेही जन्म आणि वास्तव्याच्या मूळ कागदांवरच उभे असते. शाळा सोडल्याच्या दाखल्यात जन्मस्थळ आणि राष्ट्रीयत्वाचे रकाने असतात. ते शाळेत नाव घालतानाच नीट भरून घ्यावेत, कारण शाळा सुटल्यावर दुरुस्ती करणे फार जिकिरीचे होते.

ज्या कुटुंबांकडे हे कागद नसतात ती बहुधा सर्वांत गरीब असतात: ऊसतोड कामगार, वीटभट्टीवरचे मजूर, भटके-विमुक्त समाज. ज्यांची मुले पालावर किंवा फडात जन्मतात, त्यांची नोंद वेळेत व्हावी म्हणून आशा सेविका, अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि ग्रामपंचायतीने स्वतःहून पुढे येणे गरजेचे आहे. हक्क असूनही केवळ कागद नाही म्हणून कोणी परका ठरू नये.

जन्माने नागरिकत्व मिळाले नसेल तर

कलम ३ किंवा ४ मध्ये न बसणाऱ्या मुलासाठी दार कायमचे बंद होत नाही. भारतीय नागरिकांच्या अल्पवयीन मुलांची कलम ५(१)(ड) नुसार नागरिक म्हणून नोंदणी होऊ शकते, आणि विशेष परिस्थिती असेल तर कलम ५(४) नुसार केंद्र सरकार कोणत्याही अल्पवयीन मुलाची नोंदणी करू शकते. बेकायदा स्थलांतरिताला मात्र नोंदणीचा मार्ग सहसा खुला नसतो. भारतीय मूळ असलेल्यांसाठी आणि भारतीय नागरिकाशी विवाह केलेल्यांसाठी सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीची तरतूद आहे. इतरांसाठी अधिनियमाच्या कलम ६ नुसार देशीयकरण (नॅचरलायझेशन) आहे. हे अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भरले जातात आणि जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत पुढे जातात.

पालकाने कलम ८ नुसार भारतीय नागरिकत्वाचा त्याग केला, तर त्याच्या अल्पवयीन मुलाचेही नागरिकत्व जाते. असे मूल सज्ञान झाल्यावर एका वर्षाच्या आत घोषणा करून ते परत मिळवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितले की ही सवलत पालकांनी विधिवत त्याग केला असेल तरच मिळते. परदेशी नागरिकत्व घेतल्यामुळे कलम ९ नुसार पालकांचे नागरिकत्व आपोआप संपले असेल, तर मिळत नाही.

शंका असेल तेव्हा तपासणीचा क्रम असा ठेवावा. आधी जन्मतारीख पाहून कालखंड निश्चित करावा. मग जन्मस्थळ पाहून कलम ३ की कलम ४, हे ठरवावे. त्यानंतर जन्माच्या दिवशी आई आणि वडील प्रत्येकी कोणत्या देशाचे नागरिक होते आणि परदेशी पालक कायदेशीरपणे राहत होता का, हे कागदावरून पडताळावे. शेवटी परदेशातील जन्म असेल तर एका वर्षाची नोंदणी झाली होती का, हे पाहावे. एवढ्या चार पायऱ्यांत बहुतेक प्रकरणांचे उत्तर मिळते. उरलेल्या प्रकरणांत वकिलाचा सल्ला घेऊन, मूल सज्ञान होण्यापूर्वीच अर्ज करावा, कारण अल्पवयीन मुलांसाठीच्या नोंदणीच्या तरतुदींचा लाभ वयाच्या अठरा वर्षांपर्यंतच घेता येतो.